अणूच्या कड्या आता पुसा

महोदय,

विज्ञान दिनाच्या पुरवणीत आपण अणूचे चित्र छापलेत. मध्ये ठिपका, भोवती तीन कड्या. हे चित्र किती वर्षे चालवायचे?

मागे एका प्रदर्शनासाठी मलाही असेच चित्र काढून मागितले होते. सोबत भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. मी विचारले, "सर, अणू खरंच असा असतो?" म्हणाले, "छे हो! कड्या नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या, १९१३ सालच्या. १९२६मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं नि त्या गेल्या. इलेक्ट्रॉन कुठे सापडायची शक्यता किती, एवढंच सांगता येतं." आणि पेन्सिलीने ठिपके मारू लागले, आत दाट, बाहेर विरळ. थांबायचे कुठे ते कळेना, कारण त्या ढगाला कडच नाही. मी कोळसा घासला आणि फडक्याने बाहेरच्या अंगाला पुसत नेला. सर खुर्ची ओढून जवळ आले. "इलेक्ट्रॉनच्या पुढच्या ऊर्जापातळीत मधेच एक पोकळ थर येतो, तिथे शक्यता शून्य. जमेल?" मऊ खोडरबराने तेवढा कोळसा उचलला. दुपार कशी गेली कळले नाही. आयोजकांनी मात्र ऐनवेळी छापील कड्याच टांगल्या. म्हणे लोकांना ओळखू यायला हवे!

सगळे ठरल्यावर चित्रकाराला "जरा रंगवून द्या" म्हणून बोलावतात, तिथेच घोडे अडते. खरे तर शास्त्रज्ञ होमी भाभा स्वतः चित्रे काढत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चित्रकार हुसेन यांचे भलेमोठे भित्तिचित्र आहे, आणि हुसेन इंदूरच्या देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २०११पासून कलावंतांना रीतसर राहायला बोलावतात. व्हॅन गॉगच्या चित्रांतला क्रोम पिवळा उजेडाने का काळवंडतो, ते त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर, उलगडले: त्यातल्या क्रोमियमचे रूपच बदलते.

सिंक्रोट्रॉन तर आमच्याही गावात, इंदूरला आहे! राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा घेर १७२.५ मीटर. इथल्या किती चित्रकारांनी तो पाहिला असेल? केंद्राने आणि ललित कला महाविद्यालयाने मिळून दरवर्षी एकदोन चित्रकारांना महिनाभर तिथे बसू द्यावे. खर्च फारसा नाही. प्रवेशाचा पास, एक टेबल आणि प्रश्नांना कंटाळणार नाही असा एखादा शास्त्रज्ञ. फक्त महिनाअखेर त्यांच्याकडून पोस्टर मागू नये.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, रामबाग, इंदूर