कुडाळच्या दुरुस्तीवाल्या भाऊंस, मालवणहून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं भाऊ लिहिते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण थोड्याच महिन्यांत बारावीचे निकाल लागतील आणि आमच्यासारखी कितीतरी घरं पैसे मोजून लॅपटॉपच्या दुकानाच्या पायऱ्या चढतील. त्यातल्या एका जरी आईच्या हाती हे पडलं तरी मला बरं वाटेल.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं तुमच्या दुकानात आलो तेव्हा चिंब भिजलेलो होतो आणि मनातून खचलेलो होतो. लेकीला रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. बी.एफ.एससी.ची, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदवीची, चार वर्षं हॉस्टेलला राहायचं, तर लॅपटॉप हवाच. आंबापोळी-फणसपोळीचे आणि माझ्या भिशीचे मिळून ५०,००० रुपये त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. त्या सकाळी एका मोठ्या दुकानात गेलो, तर तिथल्या विक्रेत्याने ७८,०००चा लॅपटॉप समोर ठेवला. ग्राफिक्स कार्ड, कीबोर्डखाली लाल दिवे, हातात घेतला तर वरवंट्यासारखा जड. "कॉलेजला जायचंय ना, मग ह्यापेक्षा कमी घेऊन पस्तावाल," असं तो ह्यांना सांगत होता. लेकीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. हप्त्याचा कागद भरायला काढला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही "येतो जरा" म्हणून बाहेर पडलो. खरं तर तुमच्याकडे आलो ते जुन्या लॅपटॉपचा चार्जर बघायला.

तुम्ही चार्जर बाजूला ठेवलात, लेकीला स्टुलावर बसवलंत आणि विचारलंत, "बाय, तूच सांग, ह्येच्यार तू काय करतलस?" भाऊ, त्या दिवसातला तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. ती बोलायला लागली. तिकडच्या पुढच्या वर्गातल्या मुलींना फोन करून तिने सगळं विचारून ठेवलं होतं, हे मलासुद्धा तेव्हाच कळलं. रिपोर्ट लिहिणं, माशांच्या लांबी-वजनाचे तक्ते, आलेख, प्रेझेंटेशन, संख्याशास्त्रासाठी आर नावाची फुकट मिळणारी प्रणाली, पुढे कदाचित नकाशांचं काम. गेम नाही, व्हिडिओची कापाकापी नाही. बोटीवर, तळ्यावर, प्रयोगशाळेत पाठीवर घेऊन जावं लागेल, हेही ती म्हणाली.

ते सगळं तुम्ही दुरुस्तीच्या पावतीच्या मागे लिहून घेतलंत. ती पावती माझ्याकडे अजून आहे. मग म्हणालात, ह्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ते नसलं की किंमत उतरते, वजन उतरतं आणि बॅटरी जास्त पुरते. सकाळच्या त्या मशीनचे अठ्ठावीस हजार जास्त कशाचे होते, ते एका वाक्यात कळलं.

रॅम आणि एसएसडी तुम्ही मला ज्या रीतीने समजावलंत, ती मी आता वाडीतल्या सगळ्यांना सांगते. रॅम म्हणजे खळं, घरापुढचं अंगण, आणि एसएसडी म्हणजे माळा. माळ्यावर वर्षभराचं साठवून ठेवायचं, पण काम चालतं ते खळ्यात. "खळा बारका तर सोलां खय सुकत घालूची?" असं तुम्ही म्हणालात. खळं पुरलं नाही की कोकमाची थोडी सोलं पसरायची, ती उचलायची, मग दुसरी पसरायची, आणि दिवस त्यातच जातो. लॅपटॉप अडकत अडकत चालतो तो असाच. आज ८ जीबीत भागेल, नकाशांचं काम आलं की १६ लागेल. म्हणून दुकानात विचारायचं ते फक्त "रॅम किती" एवढंच नाही, तर "वाढवता येते का". काही मॉडेलांत रॅम मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असते, काहींत खाच रिकामी असते. खळ्याच्या मागे मोकळी जागा आहे, की लगेच शेजाऱ्याचा गडगा, दगडी कुंपण? मला हे जन्मात विसरायला होणार नाही.

प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, मात्र मला दोनदा विचारावं लागलं आणि तुम्ही दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलंत. खोक्यावरचा "५" किंवा "आय५" हा आकडा बघून भुलायचं नाही, त्याच्या पुढचा पूर्ण क्रमांक वाचायचा. इंटेलच्या २०१६ सालच्या आय५-७२००यू मध्ये दोनच कोर, म्हणजे काम करणारे हात, होते, तर २०२२ च्या आय३-१२१५यू मध्ये सहा आहेत. म्हणजे जुन्या आय५ पेक्षा नवा आय३ पुढे. एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या रायझनचं तर आणखी फसवं. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही रायझन ५, दोन्ही एकाच मालिकेतले. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कुठल्या पिढीची ते सांगतो. झेन हे त्या रचनेचं नाव; २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे नंतरची झेन ३. पहिल्यात चार कोर, दुसऱ्यात सहा. शिवाय ७५२०यू ला चालणारी रॅम पट्टीवर जोडलेलीच येते, म्हणजे खळं वाढायचा प्रश्नच मिटला. लेकीने तो तिसरा आकडा वहीत गोल करून ठेवला. पुढच्या दुकानात एकाने ७५२०यू पुढे केला तेव्हा तिने शांतपणे "ह्यातला तिसरा आकडा तीनचा दाखवा" असं म्हटलं. मी बाजूला उभी होते. माझा ऊर भरून आला.

पण भाऊ, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले, ते पुढचं. तुम्ही खणातून एक उघडलेली पट्टी काढून दाखवलीत, समुद्राला लागून असलेल्या एका घरातल्या लॅपटॉपची. चार्जिंगच्या तोंडापाशी हिरवा-पांढरा थर बसला होता, जुन्या तांब्याच्या हंड्याला बसतो तसा. हे मला कुठल्याही जाहिरातीत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या किनाऱ्यावर मिठाची हवा आणि चार महिन्यांचा ओलावा ह्यांनी लॅपटॉप मरतात. तुम्ही सांगितलंत, तो पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, रोज थोडा चालवा, आतली ऊब ओल बसू देत नाही. समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. ओल्या बॅगेत घालू नका, आणि बॅगेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा. साध्या वॉरंटीत पाणी गेलेलं धरत नाहीत, हे आधीच वाचून घ्या.

विजेचंही तसंच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्या वाडीत कितीतरी दिवस अंधार होता आणि वीज आली त्याच दिवशी आमचा आधीचा चार्जर जळला होता. मी ते सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "घरात अर्थिंग हा काय?" लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला मुंग्या येतात का, तेही विचारलंत. येत होत्या! मला वाटायचं तो लॅपटॉपचाच दोष. तुम्ही म्हणालात, अर्थिंग नसलं किंवा दोन पिनांच्या बोर्डावर लावला की धातूच्या अंगाला तसं जाणवतं. तीन पिनांचा सॉकेट, नीट अर्थिंग, आणि गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढून बॅटरीवर काम. त्याच आठवड्यात आम्ही वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. लॅपटॉप राहू द्या, माझ्या मिक्सरचा आणि फ्रिजचाही त्यात जीव वाचला असेल.

बॅटरीचा हिशेब तर मी पोळ्यांच्या हिशेबासारखा पाठ केला. खोक्यावर "दहा तास चालतो" असं लिहिलेलं सोडून द्यायचं, बॅटरी किती वॅट-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते, ते बघायचं. ५० ची असली आणि लिहिण्या-वाचण्याचं काम ताशी ८ ते १० खात असलं, तर पाच-सहा तास. बस्स, भागाकार.

पडद्याचं थोडक्यात लिहिते: आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा, हवा आणि उजेड ३०० निट्सच्या आसपास, कारण २५०चा पडदा पडवीत बसलं की आरशासारखा होतो. लेकीने १४ इंची घेतला, दीड किलोच्या आतला.

वॉरंटीबद्दल तुम्ही जे बोललात ते आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं ठरलं. काही वॉरंटीत माणूस आपल्याकडे येऊन दुरुस्ती करतो, काहींत मशीन केंद्रावर न्यावं लागतं. शहरात ह्याने फार फरक पडत नसेल. आपल्याकडे त्याचा अर्थ घाट चढून कोल्हापूर, एक दिवस बुडाला आणि परत आणायला दुसरा दिवस. म्हणून विकत घ्यायच्या आधी रत्नागिरीचा पिनकोड सांगून तिथे माणूस येतो का ते विचारा, म्हणालात. आम्ही तीन कंपन्यांच्या मदत-क्रमांकांवर फोन केले. एकीने सरळ नाही म्हटलं, आणि ती यादीतून गेली.

शेवटी घेतलेला लॅपटॉप तुम्हाला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते: रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी रॅम आणि एक खाच रिकामी, ५१२ जीबी एसएसडी, घरी येणारी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून, सगळं मिळून ४४,५००. हे आकडे ऑगस्ट २०२५चे आहेत. २०२५च्या दिवाळीच्या सुमारापासून रॅमचे भाव फार चढलेत, तेव्हा यंदा घेणाऱ्यांनी रॅम नंतर वाढवू असं ठरवण्याआधी दोन्हीकडचा हिशेब करून बघावा.

आणि जे पैसे उरले, त्यांचं तुम्ही काय केलंत! आमचा जुना लॅपटॉप २०१८चा, सहाव्या पिढीचा आय३, चालू व्हायला चहा होऊन पिऊन व्हायचा. मी तो भंगारात घालणार होते. विंडोज १०ला कंपनीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नवी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी तरी हवी, एवढं माझ्याही कानावर होतं. तुम्ही तो उघडलात, फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलीत, रॅम वाढवलीत, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घातलीत आणि लिब्रे ऑफिसमध्ये माझी हिशेबाची वही मांडून दिलीत. मराठी टायपिंगही लावून दिलंत. सामान आणि मजुरी मिळून ४,१०० रुपये. आता तो अर्ध्या मिनिटात चालू होतो. बाटल्यांवरची लेबलं मी स्वतः करते, कुरिअरचे पत्ते त्यात आहेत, कुणाकडून किती येणं आहे ते पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर आहे. पन्नास हजारांत एक मशीन घ्यायला निघालेल्या घरात दोन मशीनं चालती झाली, आणि दुसरं माझं आहे. माझं असं काही मी मागितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत, "वयनी, तुमचा काम कशार चलता?" म्हणून ते झालं.

मी सल्ल्याचे पैसे विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माका काय इकूचा नाय." मोठ्या दुकानात हप्त्याच्या कागदावर सही करून आलो असतो, तर पुढची दोन वर्षं माझी प्रत्येक भिशी त्यात गेली असती. हे मी रात्री झोपताना कितीदा मोजलंय.

लेकीचा ऑक्टोबरात फोन आला होता. परतीच्या पावसाने हॉस्टेलची वीज गेली होती, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. तिने चार्जर आधीच काढून ठेवलेला, बॅटरी पूर्ण, आणि रात्री साडेअकराला लिहून संपवला. तिच्या खोलीतल्या दोघींनी मग तिच्याच मशीनवर आपापले तक्ते भरले. "भाऊंना सांग," म्हणाली. ते सांगायचं माझ्याकडून इतके दिवस राहून गेलं, त्याबद्दल क्षमा असावी.

तिच्याबरोबर हॉस्टेलला गेलेल्या आणखी एका मुलीचा लॅपटॉप अजून घ्यायचा आहे. तिच्या वडिलांना मी पावतीमागचा तुमचा कागद झेरॉक्स करून दिला आहे. ते पुढच्या सोमवारी येतील. मुलीला सोबत घेऊनच या, असं त्यांना निक्षून सांगितलंय.

एप्रिलअखेर रातांबे, कोकमाची फळं, उतरतील. त्यांच्या रसाच्या, पहिल्या आगळाच्या, दोन बाटल्या मालवण-कुडाळ एस.टी.ने पाठवते. गेल्या वेळी तुम्ही दुसरीचे पैसे हातावर ठेवलेत. ह्या वेळी ठेवू नका.

तुमची,
मालवणची वयनी