कुर्डीच्या निगेटिव्ह्ज आणि नावांची वही

फोंडा, गोवा
१९ एप्रिल

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू राजीनामा दिल्याचे सांगितलेस आणि मी बराच वेळ काही बोलले नाही, तेव्हा मी नाराज झाले असे तुला वाटले, हे मला बाबांकडून कळले. नाराजी मुळीच नव्हती. मुक्त छायापत्रकाराचे जे काम मी तीस वर्षे कोणाच्याही पगारपत्रकावर नाव नसताना केले, तेच आता तू करणार हे ऐकून इतक्या गोष्टी एकदम आठवल्या की आधी कोणती सांगावी ते सुचेना.

आधी पैशांचे सांगते, कारण ते मी तुला कधी सरळ सांगितलेले नाही. माझी मुक्त छायापत्रकारिता चालली ती घरात दर महिन्याला बाबांचा शाळेतला पगार येत होता म्हणून. ज्या महिन्यात माझे एकही छायाचित्र छापून येत नसे, त्या महिन्यातही तुझी फी भरली जात असे आणि घरात तांदूळ असत. लोक माझ्या धाडसाचे कौतुक करतात तेव्हा मला हे आठवते. तू पुण्यात एकटी राहतेस, भाडे भरतेस. तेव्हा निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय शेवटचा पगार हातून जाऊ देऊ नकोस. नोटीसची मुदत वाढवून मिळत असेल तर घे. त्यात काहीही कमीपणा नाही.

आता या कामातून काय मिळते ते सांगते. नोकरीतल्या छायाचित्रकाराला सकाळी काम नेमून दिले जाते आणि संध्याकाळी छायाचित्र द्यावे लागते. त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची मुभा त्याला क्वचितच मिळते. आपल्याला ती असते. १९९४ च्या मे महिन्यात, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, मी पहिल्यांदा सांगे तालुक्यातल्या कुर्डीला गेले. साळावली धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरांत पोहोचावे म्हणून ऐंशीच्या दशकात जे गाव पाण्याखाली गेले, तेच हे गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म इथला. गावचे जुने महादेव मंदिर दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, परंतु घरे तिथेच राहिली. एरवी तिथे फक्त पाणी दिसते; उन्हाळ्यात ते ओसरले की घरांची जोती, तुळशीवृंदावने, झाडांचे वठलेले बुंधे आणि भेगाळलेली लाल जमीन वर येते. मग वाडे आणि वाळकिणी या गावांत वसवलेले गावकरी मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला येतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला येतात, आणि प्रत्येक जण आपल्या घराच्या जागेवर काही क्षण उभा राहतो.

पहिल्या वर्षी मी तीन रोल संपवले आणि ती छायाचित्रे एकाही संपादकाने घेतली नाहीत. पाण्यातून वर येणारे गाव ही तेव्हा कोणाला बातमी वाटत नव्हती. मी दुसऱ्या वर्षी गेले, तिसऱ्या वर्षी गेले, मधली काही वर्षे चुकली, पुन्हा जाऊ लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सलग दोन वर्षे हाताने नको म्हणून खूण केली आणि मी कॅमेरा खाली ठेवला. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच हाक मारून आपला गोठा कुठे होता ते दाखवले. त्या दिवशी काढलेली चौकट मी आजवरच्या माझ्या कामातली सर्वांत खरी चौकट मानते. ती मिळाली याचे कारण मला तिसऱ्या वर्षी तिथे जाण्यापासून अडवणारे कोणी नव्हते.

खाणींचेही तसेच झाले. सावर्डे, कुडचडे, रिवण या भागात खनिजाच्या ट्रकांची रांग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हलत असे. रस्त्याकडेच्या झाडांची पाने लाल झालेली, शाळेत जाणारी मुले नाकावर रुमाल धरून चाललेली, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या बटणांत तीच धूळ. ती छायाचित्रे मी कोणी मागितली म्हणून काढलेली नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ज्या ट्रकांमुळे रस्ता ओलांडता येत नव्हता ते घरांच्या अंगणांत, माळांवर उभे राहिले. पावसाळ्यानंतर त्यांच्या चाकांभोवती गवत वाढले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींची ८८ लीजे (खाणपट्टे) रद्दबातल केली, तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही वेळा संपादकांना धावत्या ट्रकांची आणि उभ्या ट्रकांची छायाचित्रे शेजारीशेजारी हवी होती, आणि एकाच रस्त्यावरची, एकाच वळणावरची अशी जोडी माझ्याकडे होती. त्या दोन वर्षांत मला जे पैसे मिळाले ते बहुतांशी जुन्या कामाचे होते.

म्हणून सण-उत्सवांच्या मागे फार धावू नकोस, एवढे मात्र सांगते. माशेलचा चिखलकाला, सांजांव, नरकासुर, कार्निव्हल, नोव्हेंबरातला इफ्फी हा चित्रपट महोत्सव, हे सगळे जाऊन बघ, हातही साफ होतो, परंतु त्या दिवशी तिथे शंभर कॅमेरे असतात. त्यापेक्षा १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असताना पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर जाळी शिवणारे हात कोणी फारसे पाहत नाही.

आता हक्कांविषयी. हे दोनदा वाच, कारण माझी सर्वांत महाग चूक इथे झाली. एका नियतकालिकाने मला काणकोणच्या मच्छीमारांवरचे काम दिले आणि सोबत एक पत्र सहीसाठी पाठवले. मी ते न वाचता सही करून परत केले. दोन वर्षांनी त्यातले एक छायाचित्र एका दिनदर्शिकेवर, दुसऱ्याच उद्योगाच्या जाहिरातीसह, माझ्या नावाशिवाय मला दिसले. त्यातल्या रापणकाराने (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराने) मला विचारले की माझा चेहरा तू विकलास का. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही ते आठवले की मला झोप लागत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो मोबदला देणारा ठरतो. म्हणून काम घेण्यापूर्वीच, निघण्यापूर्वीच, लेखी ठरव: मालकी माझी, तुम्हाला वापराची परवानगी, ती एकदाच, अमुक अंकासाठी, अमुक मुदतीपर्यंत. हक्क हस्तांतरित करायचे असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि कलम ५७ मुळे सगळे हक्क दिले तरी कर्ती म्हणून तुझे नाव सांगण्याचा हक्क तुझ्याकडेच राहतो. १९४७ साली काही छायाचित्रकारांनी मिळून मॅग्नम ही सहकारी संस्था काढली तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता की छायाचित्र नियतकालिकाचे नव्हे, काढणाऱ्याचे. हे मला कळले ते दिनदर्शिकेनंतर. तुला आधीच कळावे.

बिलांचे थोडक्यात. काम दिले त्याच दिवशी बिल पाठव, ते थकले तर संकोच न करता आठवण कर. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घे. ती फुकट होते, आणि २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. कापलेला कर तुझ्या पॅनवर जमा झाला की नाही तेही वेळोवेळी बघत जा.

साठवणीबद्दल मी तुला लहानपणापासून ओरडत आले आहे, तरी पुन्हा लिहिते. आपल्या पावसात लेन्सला बुरशी धरायला एक जून-जुलै पुरतो. माझ्या पहिल्या ५० मिलीमीटरच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवले ते मी ती चामड्याच्या पिशवीत ठेवली म्हणून. चामडे ओल धरून ठेवते. लेन्सेस कोरड्या कपाटात, ४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेवर ठेव. फायलींच्या तीन प्रती कर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. तुझी एक प्रत फोंड्याला माझ्या कपाटात राहील. त्यासाठी मी वरचा खण रिकामा केला आहे.

तो खण रिकामा करतानाच कुर्डीच्या जुन्या निगेटिव्ह्ज हाती लागल्या. पाकिटांवर मी महिना, वर्ष, फिल्म, सगळे नीट लिहिले आहे. एका चौकटीत नऊवारीतली एक बाई भग्न तुळशीवृंदावनापाशी बसून दिवा लावते आहे. वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून तिच्या नातवाने दोन्ही तळहात आडवे धरले आहेत. या छायाचित्राला मी अनेकदा प्रदर्शनांत लावले, त्याचे पैसेही मिळाले. त्या बाईचे नाव मी लिहून घेतले नव्हते. तेव्हा मला वाटले होते की पुढच्या वर्षी विचारीन. छायाचित्राखाली दरवेळी ‘कुर्डीची एक रहिवासी’ असे छापले जाते आणि दरवेळी मला ते बोचते. नातू आता तुझ्याहून मोठा असेल.

मे महिन्यात उत्सवाला मी जाणार आहे. एकोणीस चौकटींच्या मोठ्या प्रती मडगावहून छापून आणल्या आहेत; प्रत्येकीच्या मागे त्यातल्या माणसांची नावे पेन्सिलीने लिहायला जागा सोडली आहे. माझे गुडघे आता त्या भेगाळलेल्या जमिनीवर फार चालू देत नाहीत, म्हणून मी सोमेश्वराच्या मांडवात बसेन आणि तू प्रती घेऊन माणसांमध्ये फिरशील, असे मी मनाशी ठरवले आहे. जाड पुठ्ठ्याची वही आण, शाईचे पेन नको. उत्सव बहुधा रविवारी असतो. तारीख कळली की बाबा कळवतील. आदल्या दिवशी फोंड्याला ये, आपण पहाटे पाचला निघू, म्हणजे ऊन चढण्याआधी तिथे असू.

तुझी,
आई