नाटकातला फोन

संपादक महोदय,
परवा फोंड्याला 'वाडा चिरेबंदी' बघितलं, एलकुंचवारांचं, 1985 साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं. तात्याजी गेलेत, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, आणि तेराव्याच्या खर्चावरून घरात धुसफूस. गोष्ट विदर्भातली पण परकी वाटतच नाही हो, आमचे बाबा गेले तेव्हा बारावं व्हायच्या आधीच परसातला फणस कोणाच्या वाट्याला यावर काका लोकांची सुरुवात झालेली. म्हातारी दादी सारखी वेळ विचारते तिथे मला आजीच दिसली, डोळे भरले आणि नेमका मागे मोबाईल वाजला, वर महाशय आरामात बोलतायत, "नाटकाक आयलां, मागीर फोन करतां"! नुसती अनाउन्समेंट करून काय होत नाही, दारावरच फोन बंद करायला लावा.
– एक प्रेक्षक, फोंडा