उन्हाळ्यात खिशात ठेवायचं रिव्हॉल्वर आणि आपली मराठी माणसं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बंदुकांवरचा लेख वाचला. बराचसा पटला, इथे बंदुका फार आहेत आणि फार सहज मिळतात हे खरंच आहे, त्यावर वाद घालायला मी हे लिहीत नाहीये. पण लेखात बंदूक बाळगणारा म्हणजे कमरेला पिस्तूल खोचून मिरवणारा माणूस एवढंच चित्र आहे आणि ते सरसकट खरं नाही. टेक्सासमध्ये कायदेशीर शस्त्र बाळगणारी आपली मराठी माणसं पण आहेत, त्यातली बहुतेक कुणाला कळूही देत नाहीत. आणि मला काळजी वाटते ती अशी की ही माणसं विकत घेताना कुणालाच विचारत नाहीत, विषय काढायलाच लाज वाटते, मग दुकानदार जे हातात देईल ते घेऊन येतात.

मी ह्यूस्टनला असतो, छोटं स्टोअर आहे, रात्री दुकान बंद करून कॅश घेऊन निघायचं म्हणजे पार्किंग लॉटमधून एकट्यानं जावं लागतं. मी इथला नागरिक आहे, राज्याचं लायसन काढलेलं आहे आणि उन्हाळ्यात माझ्या पँटच्या उजव्या खिशात पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर असतं. ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखा, घाम नुसता निथळतो, आणि तो मे पासून थेट सप्टेंबर संपेपर्यंत चालतो. जॅकेट नाही, स्वेटर नाही, अंगावर एक पातळ शर्ट, त्याच्या आत कमरेला मोठं पिस्तूल लावलं की शर्टाला फुगवटा येतो, वाकलं की दिसतं, आणि तासाभरात चामड्याचं होल्स्टर (बंदुकीचं म्यान) घामानं भिजून कंबर सोलवटते. मग माणूस काय करतो, पिस्तूल काढून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. इथेच सगळं बिघडतं. ह्यूस्टनमध्ये गाड्यांच्या काचा फोडून जे चोरीला जातं त्यात बंदुका भरपूर असतात, आणि ती चोरलेली बंदूक मग कुणाच्या हातात जाते हे वेगळं सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हाळ्यासाठी निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की ही वस्तू मी भर ऑगस्टमध्ये दिवसभर अंगावर ठेवीन का? उत्तर नाही असेल तर ती घेऊच नका.

आता रिव्हॉल्वरच का, हे बरेच जण विचारतात कारण आजकाल छोटी ९ एमएम पिस्तुलं निघालीत, सिग सॉअरचं पी-३६५ २०१८ ला आलं तेव्हापासून तर सगळे तेच घेतात, त्यात १० गोळ्या मावतात, सपाट असतं, नेमही बरा लागतो. चांगलं आहे, ज्याला जमतं त्यानं जरूर घ्यावं. पण त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायला बोटात आणि मनगटात ताकद लागते, आणि ढिल्या हातानं धरलं तर मध्येच अडकू शकतं. रिव्हॉल्वरला तसं नाही, एक गोळी उडाली नाही तर परत ट्रिगर दाबायचा, गोळ्यांचा सिलिंडर फिरतो आणि पुढची गोळी समोर येते. शिवाय गोल मुठीमुळे खिशात ते बंदुकीसारखं दिसत नाही, पाकीट नाहीतर किल्ल्यांचा जुडगा असेल असं वाटतं.

या प्रकारातलं जुनं नाव म्हणजे स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल, १९५० चं, .३८ स्पेशल या काडतुसाच्या पाच गोळ्यांचं. पुढे १९५२ ला, कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांनी सेंटेनियल काढलं ज्यात घोडा म्हणजे हॅमर आतच झाकलेला असतो. खिशासाठी हाच प्रकार हवा, माझं यावर ठाम मत आहे. बाहेर आलेला घोडा खिशाच्या कडेला, धाग्याला, शर्टाच्या टोकाला अडकतो आणि घाईच्या वेळी तेवढंच पुरतं. आजचं ६४२ आणि ४४२ हे त्याच घराण्यातले, ॲल्युमिनियमची फ्रेम, पावणेदोन-दोन इंचाची नळी, वजन साधारण ४०० ग्रॅम. दोन्ही जवळपास सारखेच आहेत पण घाम येणाऱ्या माणसानं ६४२ घ्यावं, कारण त्याचा सिलिंडर स्टेनलेस आहे आणि ४४२ चा साध्या कार्बन स्टीलचा काळा केलेला. आपल्या घामात मीठ असतं, काळ्या सिलिंडरवर बारीक तांबूस ठिपके यायला आठवडासुद्धा लागत नाही. रुगर कंपनीचं एलसीआर २००९ ला आलं, तेही झाकलेल्या घोड्याचं, मुठीकडचा भाग पॉलिमरचा, वजन ३८० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचा ट्रिगर स्मिथपेक्षा मऊ चालतो. मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं दोन्ही नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं घेऊन चालवून बघावीत आणि ज्याचा ट्रिगर सरळ, न थरथरता मागे येईल ते घ्यावं.

कारण इथे एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. या छोट्या रिव्हॉल्वरचा ट्रिगर जड असतो, स्मिथचा तर साधारण पाच किलोच्या ओढीचा, आणि आख्खं रिव्हॉल्वरच ४०० ग्रॅमचं, म्हणजे बोटानं दाबायला गेलं की नळीच हलते. नळी छोटी, पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, बारीकशी, पाच-सहा हातांवरचा कागदसुद्धा सुरुवातीला चुकतो. लायसनच्या परीक्षेत इथे ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या मारायच्या असतात, ती परीक्षा एकदा या छोट्या रिव्हॉल्वरनं आपल्या नेहमीच्या रेंजवर देऊन बघा, मग कळतं की आपल्याला अजून किती सराव हवाय. रिकाम्या रिव्हॉल्वरवर नकली काडतुसं घालून भिंतीकडे तोंड करून रोज थोडा थोडा सराव केला तरी फरक पडतो, फक्त खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

दुसरी गोष्ट वजनाची. उन्हाळा म्हटलं की सगळ्यांना हलक्यात हलकं पाहिजे असतं आणि दुकानदारही तेच महागातलं पुढे करतो. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना इथल्या एका दुकानात असंच स्कँडियम-टायटॅनियमचं, ३३०-३४० ग्रॅमचं, .३८ पेक्षा बऱ्याच जोरदार .३५७ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्वर गळ्यात मारलं. वय साठीच्या पुढे, हातात संधिवाताची सुरुवात. पहिल्या गोळीला तळहाताला असा तडाखा बसला की दुसरी मारताना ते डोळे मिटूनच दाबत होते, सिलिंडर संपायच्या आत त्यांनी रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलून रक्त आलेलं मी स्वतः बघितलं. नंतर ते कधी सरावाला आलेच नाहीत, पण रिव्हॉल्वर मात्र खिशात. हे धोक्याचं आहे. इतक्या हलक्या रिव्हॉल्वरमध्ये अजून एक भानगड होते, धक्क्यानं बाकीच्या काडतुसांमधल्या गोळ्याच पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचा बंद होतो. शिवाय टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून अशा रिव्हॉल्वरवर १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका अशी सूचना कोरलेली असते. .३८ स्पेशल पुरे आहे, आणि त्यातही १४८ ग्रेनची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, जी लोक कागदावर नेम मारायला वापरतात, ती हाताला सोसवते आणि नेमकी लागते.

ज्यांच्या हातात ताकद कमी आहे त्यांच्यासाठी .३२ हा पर्याय परत आलाय याचा मला मनापासून आनंद आहे. .३२ एच अँड आर मॅग्नम हे काडतूस १९८४ चं, मधे लोक विसरले होते, आता स्मिथ अँड वेसनचं ४३२ आहे, रुगरचं एलसीआर .३२७ मध्ये मिळतं, दोन्हीत पाचाऐवजी सहा गोळ्या बसतात आणि .३२ च्या काडतुसांनी धक्का निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. यात .३२ स्मिथ अँड वेसन लाँगसुद्धा चालते, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात लायसनवाल्या बागायतदारांकडे, सराफांकडे जे कानपूर कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर असतं त्याचीच काडतुसं. तिकडे .३८ सामान्य माणसाला मिळत नाही म्हणून सगळे .३२ वापरतात आणि इथले लोक त्याला नावं ठेवतात, पण साठीतल्या मावशींना सहाही गोळ्या कागदावर मारता येत असतील तर मी .३२ च देईन.

होल्स्टरशिवाय खिशात रिव्हॉल्वर टाकणं हा गुन्हा समजा, कायद्यात असो नसो. खिशाचं होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं, बाहेरून खरखरीत म्हणजे रिव्हॉल्वर काढताना ते खिशातच राहतं, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काहीही नको, किल्ली नको, नाणं नको, रुमाल पण नको. कुर्त्याच्या खिशात तर ठेवूच नका, तो खिसा लोंबतो आणि बसलं की शेजारच्या खुर्चीवर येतो. संध्याकाळी घरी आलं की गोळ्या काढून तेलाचा हात लावलेल्या फडक्यानं पुसायचं, सिलिंडरच्या मागे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी असते, तिच्याखाली खिशातला कापूस जमतो तो ब्रशनं काढायचा, आणि मग कुलपात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे आणि आपल्याकडे तर घरात सारखी येणीजाणी, सगळ्यांची मुलं सगळ्या खोल्यांत.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ च्या वरच्या बहुतेकांना लायसनशिवाय हँडगन बाळगता येते, त्यामुळे लायसन कशाला असं नवीन लोक म्हणतात. काढाच. शाळेपासून १००० फुटांच्या आत फेडरल कायदा लागतो, त्यातून राज्याचं लायसन असलेल्याला सूट आहे, आणि ह्यूस्टनमध्ये शाळेजवळून न जाता कुठेच जाता येत नाही. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन असलं तरी चालत नाही, आणि आपल्या मंडळांचे कार्यक्रम पुष्कळदा शाळांच्या हॉलमध्येच असतात. त्या दिवशी रिव्हॉल्वर घरच्या तिजोरीत, गाडीत नाही.

आता संपादक महाशय, तुमच्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांची मुलं इथे एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर आहेत त्यांना फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच बंदी आहे. टेक्सासमध्ये लायसन लागत नाही म्हणजे आपल्यालाही चालतं असं समजून मुलं चुकतात. शिकारीचं वैध लायसन असलं तर त्यातून अपवाद आहे, पण त्या भरवशावर वकिलाला न विचारता खरेदी करू नये, बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर चुकीची माहिती दिली तर तो वेगळा गुन्हा आणि पुढे ग्रीन कार्डचं काय होईल ते सांगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की घेता येतं. आणि सहा महिन्यांसाठी टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मजा म्हणून रेंजवर नेऊन फोटोसाठी हातात बंदूक देतात ते बंद करा, कारण हातात धरणंसुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. पुरवणीत पुढच्या वेळी हा विषय घेतलात तर ही व्हिसाची माहिती चौकटीत ठळक छापा, इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी तुमचा पेपर जातो.

आपला नियमित वाचक,
ह्यूस्टन, टेक्सास