रानडुक्कर पुरण्याआधी नमुना घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातील एका काजूच्या बागेत, गडग्याला लागून, एक रानडुक्कर मरून पडलेले आढळले. कोणी म्हणाले विष खाल्ले असेल, कोणी म्हणाले फासकीतून सुटून आले असेल. पंचनामा झाला आणि संध्याकाळच्या आत चुना टाकून ते पुरण्यातही आले. त्याच्या अंगावर फासकीचा वळ नव्हता. कान मात्र जांभळे पडले होते आणि नाकपुड्यांत रक्त साकळले होते. नमुना घ्यावा अशी विनंती मी केली, तेव्हा ‘जंगली जनावर आमच्याकडे येत नाही’ एवढेच उत्तर एका कार्यालयातून मिळाले.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. ही लक्षणे आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाची असू शकतात, जुन्या क्लासिकल स्वाइन फीव्हरची असू शकतात किंवा तिसऱ्याच कशाची. क्लासिकलवर लस आहे, आफ्रिकनवर आपल्याकडे नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी या दोहोंचा निवाडा होत नाही. त्यासाठी पीसीआर चाचणीच करावी लागते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात त्याचे निदान झाले, 2022 मध्ये तो केरळातील वायनाडच्या वराहपालनांत आढळला आणि 2023 च्या सुरुवातीला तमिळनाडूतील मुदुमलाईच्या रानडुकरांत. हा आजार ईशान्येपुरताच आहे, असे आता म्हणता येत नाही.

ओळखीचे नाव चटकन चिकटवले की शोध तिथेच थांबतो, हे मलेशियात दिसले. 1998 मध्ये तेथे वराहपालक तापाने आणि मेंदूच्या दाहाने आजारी पडू लागले, तेव्हा तो जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी आणि लसीकरण सुरू झाले. डुकरे मोठमोठ्याने खोकत होती, पण त्या खोकल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि दरम्यान तीच डुकरे दक्षिणेकडे विकली गेली. मार्च 1999 मध्ये निपाह हा खरा, नवा विषाणू ओळखण्यात आला, तोवर साथ हाताबाहेर गेली होती. शंभरावर माणसे दगावली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली.

याउलट चेक प्रजासत्ताकात 2017 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर मेलेल्या रानडुकरांतच पकडला गेला. जंगलातील मृत जनावरे शोधून देणाऱ्यांना तेथे पैसे देण्यात आले, बाधित भागाला कुंपण घातले गेले, आणि त्या वेळी एकाही पाळीव कळपात रोग न शिरता 2019 मध्ये तो आटोक्यात आला.

आपल्याकडे पिकांची नासाडी करणारी रानडुकरे परवानगीने मारली जातात. त्यांचे रक्तही तपासता येईल. रोगाचा माग काढायला असे नमुने आयतेच मिळतात. सडलेल्या जनावराच्या लांब हाडातील मगजही आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या चाचणीला पुरतो. वनरक्षकाला थोडे प्रशिक्षण आणि बर्फाचा डबा दिला, की नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे आणि तेथून गरजेप्रमाणे भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेकडे जाऊ शकतो. पाळीव डुकरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पहिले डुक्कर आजारी पडताच उरलेली घाईने विकण्याचा मोह होतो, आणि भरपाई वेळेवर मिळेल अशी खात्री नसेल तर त्यासाठी वराहपालकाला दोष देणे मला जड जाते.

वन आणि पशुसंवर्धन या दोन खात्यांनी, मेलेल्या रानडुकराचा नमुना कोणी घ्यायचा आणि किती तासांत पाठवायचा, एवढे तरी येत्या पावसाळ्यापूर्वी लेखी ठरवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सावंतवाडी