तणनाशक टाकलं, पण पाण्याचं काय?

संपादक महोदय,

तुमच्या शेतीच्या पानावर परवा भातातल्या तणनाशकांवर लेख आला होता, लेख चांगला होता पण त्यात नुसती औषधांची नावं आणि मात्रा, खाचरातल्या पाण्याबद्दल एक ओळ नाही, आणि सगळं बिघडतं ते तिथंच.

ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर ही काय उगवलेलं तण मारायची औषधं नव्हेत. लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, तण वर यायच्या आत टाकायची, खाचरात पातळ पाणी पाहिजे आणि ते दोन-तीन दिवस हलता कामा नये, बांध फुटका असेल तर औषध पाण्याबरोबर खालच्या वावरात. बिसपायरिबॅक सोडियमचं बरोबर उलटं, ते पानातून शिरतं, म्हणून आधी पाणी काढून तण उघडं करायचं, मग फवारायचं आणि दोन-तीन दिवसांनी परत पाणी भरायचं. तण 2 ते 4 पानांचं असेपर्यंतच ते नीट काम करतं. गुडघ्याएवढ्या गवतावर मारायचं आणि मग औषध डुप्लिकेट निघालं म्हणून ओरडायचं (निघतंही कधीकधी, नाही असं नाही).

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. लोक दरवर्षी डबा बदलतात पण गट, म्हणजे औषध तणाला कुठं मारतं ती पद्धत, तोच ठेवतात. बिसपायरिबॅक काय नि पेनॉक्सुलम काय, दोन्ही तणातल्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात, त्यामुळे एकाला न दाद देणारं तण बऱ्याचदा दुसऱ्यालाही देत नाही. सावा जातीच्या गवतात असा प्रतिकार बऱ्याच देशांत आलाय. हे गवत लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं, पान जिथं खोडाला चिकटतं तिथं भाताला पापुद्र्यासारखी जिभली असते, याला नसते, ही ओळखायची खूण. फवारणीतून वाचलेलं असं गवत बी धरायच्या आत हातानं उपटलं नाही तर पुढच्या वर्षी तेच बी शेतभर, आणि नेमकं तेव्हाच सगळे म्हणतात की औषध मारलंय आता निंदणी कशाला.

तेव्हा पुढच्या वेळी औषधाच्या नावाशेजारी त्याचा गट आणि फवारताना पाणी ठेवायचं की काढायचं एवढं तरी छापा, जागा कमी पडत असेल तर फोटो बारीक करा.

आपला एक वाचक