नाव न सांगता मदतीला आलेल्यांना

दादाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, हे सांगायला तुम्ही रात्री घरी आलात. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर ४८ ते ९६ तासांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! दवाखाना लांब. गाडी तुम्हीच काढलीत, गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्यात. पुढे तो पुन्हा प्यायला, तेव्हाही बोल लावला नाहीत; "जेवलास का?" एवढंच विचारलंत. माझ्या मते अर्धं औषध तेच होतं. वहिनीजवळ बसून तिचंही ऐकून घेतलंत, आणि गावात कुठे वाच्यता केली नाहीत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या वेळी कुणाकडे जाल तेव्हा आम्हालाही हाक मारा.